पीटी आणि आयएनआरचे वेगवेगळे पैसे भरू नका

आईच्या हृदयातली महाधमनीची झडप बदलून मेकॅनिकल झडप बसवली आहे. त्यामुळे रोज रक्त पातळ ठेवणारी ॲसिनोकुमारॉलची गोळी आणि महिन्यातून एकदा रक्त गोठण्याची तपासणी, हे तिच्या जन्माला लागलेलं आहे. डॉक्टर चिठ्ठीवर 'पीटी/आयएनआर' एवढंच लिहितात. पीटी म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, आणि आयएनआर हा त्याच वेळेवरून काढलेला आकडा. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा एका लॅबमध्ये आम्ही 13 वेळा ही तपासणी केली आणि दर वेळी जादा पैसे भरून आलो.

बिलावर तीन ओळी असायच्या. पीटी 350, आयएनआर 300, कंट्रोल 150. एकूण 800 रुपये. चिठ्ठीवर दोन नावं आहेत, म्हणजे तपासण्याही दोन असणार, असं मी धरून चाललो. कंट्रोल म्हणजे काय, हे विचारायचं सुचलंच नाही.

पैशांपेक्षा मोठं नुकसान वेगळंच झालं. "पुढच्या महिन्यात करू रे, आठशे रुपये काय झाडाला लागतात?" असं म्हणत आईने एक तपासणी चुकवली, मग दुसरीही, आणि मी तिचं ऐकलं. एके दिवशी सकाळी तिने चूळ भरली तर बेसिन लाल. हिरड्यांतून रक्त येत होतं, दंडावर जांभळा डाग. डॉक्टरांना आयएनआर 2 ते 3 मध्ये हवा असतो, तो निघाला 5.4, म्हणजे रक्त फारच पातळ झालं होतं. त्यांनी गोळी लगेच थांबवली म्हणून निभावलं. त्या दिवशी बिल आलं 1300, कारण 'एपीटीटी 500' ही, रक्त गोठण्याच्या आणखी एका तपासणीची, चौथी ओळ वाढली होती.

माझा भाचा इथेच बसून अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचं बिलिंग करतो. त्याच्यापुढे सगळ्या पावत्या टाकल्या. तो म्हणाला, "मामा, ह्याला आमच्याकडे अनबंडलिंग म्हणतात. एकाच कामाचे तुकडे पाडून प्रत्येकाचे पैसे लावायचे." तिथे पीटीचा कोड 85610, आयएनआर त्यातच येतो. एपीटीटीचा 85730 वेगळा, कारण ती खरोखर वेगळी तपासणी आहे. अशी तुकडेगिरी पकडायला तिथल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यात 1996 पासून चाळणी लावलेली आहे. आपण रोख पैसे मोजतो, आपल्या पावतीला असली चाळणी कुठली!

मग त्याने एक जुना रिपोर्ट काढला. पीटी 27 सेकंद, कंट्रोल 12 सेकंद, आयएसआय (लॅब वापरते त्या रसायनाच्या संवेदनशीलतेचा आकडा) 1. सत्तावीसला बाराने भागलं की 2.25, तोच खाली छापलेला आयएनआर. आयएसआय 1 नसेल तर त्या भागाकाराचा तितका घात घेतात, एवढंच. मशीन फक्त रक्त गोठायला लागलेले सेकंद मोजतं, पुढचं सगळं गणित. आणि कंट्रोल हा लॅबने निरोगी माणसांच्या रक्तावरून काढून ठेवलेला स्वतःचा आकडा. त्याचे 150 रुपये आम्ही दर महिन्याला भरत होतो.

एपीटीटीची गोष्ट आणखी वाईट. डॉक्टरांनी ती लिहिलीच नव्हती आणि रिपोर्टमध्ये तिची ओळही नव्हती. निळ्या टोपणाच्या एकाच नळीतल्या रक्तावर पीटी आणि एपीटीटी दोन्ही होतात, त्यामुळे नळ्या मोजून काही कळत नाही. बिल आणि रिपोर्ट शेजारी ठेवा. एपीटीटी केली असेल तर तिचे सेकंद वेगळे छापलेले असतात, नसतील तर पैसे परत मागा.

मी मागितले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, सिस्टममां एवुं ज आवे छे." म्हणजे सिस्टममध्ये असंच येतं. मी रिपोर्ट पुढे ठेवून जागचा हललो नाही, तेव्हा एपीटीटीचे 500 मिळाले. आयएनआर आणि कंट्रोलचे तेरा वेळचे 5850 द्यायला त्यांनी साफ नकार दिला. लेखी तक्रार देऊन पोच घेतली आहे, 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवली आहे. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, म्हणून जुन्या पावत्या फेकू नका.

आता दुसऱ्या लॅबमध्ये जातो. रक्त देण्याआधीच विचारतो, "पीटी-आयएनआर मिळून किती?" तिथे बिलावर एकच ओळ येते, आणि आई एकही महिना चुकवत नाही.