रावेरच्या शेतात एअर रायफल आणि बॅलिस्टिक्सचं ॲप: थंडीपासून मेपर्यंतचा अनुभव

छर्रा कुठे लागेल याचं गणित करून सांगणारं, थंडीत घेतलेलं ॲप मेच्या उन्हापर्यंत वापरून झालं, आता लिहायला हरकत नाही. रायफल .१७७ इंची नळीची, स्प्रिंगवाली, छर्र्याची ऊर्जा २० जूलच्या आतली, म्हणजे लायसन्स न लागणारी. काडतुसं भरणाऱ्यांसाठी बंदुकीच्या दारूच्या दाबाचं गणित करणारी सॉफ्टवेअर वेगळी असतात. आपल्याकडे काडतूस बनवायलाच परवाना लागतो, त्यामुळे तो विषय सोडा. इथे फक्त छर्रा नळीतून सुटल्यानंतरचं बोलू. ॲपचं नाव मुद्दाम देत नाही. सगळ्यांचं गणित जवळपास एकच.

माझे आकडे: छर्रा ८.४४ ग्रेन वजनाचा (अर्ध्या ग्रॅमच्या आसपास), वेग सेकंदाला २४० मीटर, दुर्बीण नळीच्या ४५ मिलिमीटर वर, झिरो, म्हणजे नेम धरला तिथेच छर्रा लागतो ते अंतर, २५ मीटरला. यावर ॲप सांगतं की ५० मीटरला छर्रा दहाएक सेंटीमीटर खाली लागेल. ते पटतं. पण १० मीटरलाही बारा-तेरा मिलिमीटर खालीच लागेल म्हणतं, तेव्हा नवा माणूस बुचकळ्यात पडतो. कारण सोपं आहे: दुर्बीण वर, नळी खाली, आणि छर्रा नजरेच्या रेषेला अजून भिडलेलाच नसतो. दुर्बिणीची उंची अंदाजे टाकली की जवळचे सगळे आकडे बोंबलतात.

आमच्याकडच्या उन्हाची मला फार धास्ती होती. तापलेली हवा पातळ होते, हे खरं. पण १० अंशांवरून ४५ वर गेलं तरी ५० मीटरला फरक जेमतेम चार-पाच मिलिमीटर, दुर्बिणीचा नेम सरकवायच्या चकतीचा एखादा खटका (क्लिक). रायफलचा वेगच सेकंदाला दहा मीटरनं कमी झाला, तर मात्र त्याच्या तिप्पट. म्हणून वेग क्रोनोग्राफवर, म्हणजे छर्र्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर मोजा, तोही सावलीत. डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नका.

खरी गोची वाऱ्याची. सेकंदाला तीन मीटरचा आडवा वारा असला की छर्रा ५० मीटरला साडेनऊ सेंटीमीटर बाजूला जातो, म्हणजे पडतो जवळपास तेवढाच. ॲप वारा विचारतं, पण तो ओळखायचा आपणच. केळीच्या बागेभोवती शेवरी लावलेली असते, तिच्या आड उभं राहून वारा शून्य टाकला की निशाणाचा कागद कोराच राहतो. आमचा सालदार म्हणाला, "दादा, इथला वारा काय बघता? तिकडं शेवरी तुटलीय, तिथली पानं बघा." छर्रा निम्म्या वाटेत त्याच फटीसमोरून जात होता! तेव्हापासून आधी फटीतली पानं बघतो, मग फोन. कागदामागे मातीचा उंच बांध हवा, हे वेगळं सांगायला नको.

ॲपमध्ये मराठी नाही, ग्रेन-फूट-यार्डाचा घोळ आहे. पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये मीटर करून टाका. पैसेवाली आवृत्ती घ्यावी का? ५० मीटरपर्यंत फुकटातली पुरते. तेच पैसे क्रोनोग्राफला ठेवा, नाहीतर कुणाचा तरी दुपारभर मागून आणा.