मध निर्यातीत भागीदारी: सिंधुदुर्गातल्या एका उत्पादकाचा प्रस्ताव

प्रस्ताव चांगला आहे, पण पैसे गुंतवण्याआधी ओलाव्याचे आकडे मागाच. कोकणच्या दमट हवेत सातेरीचा (पेट्यांत पाळल्या जाणाऱ्या देशी मधमाशीचा) मध पातळ उतरतो. ओलावा 20 टक्क्यांवर गेला की यीस्टमुळे तो आंबतो, पिंप फुगतं. हा उत्पादक प्रत्येक पिंपाला रिफ्रॅक्टोमीटर (ओलावा मोजणारं उपकरण) लावतो, हे फार मोलाचं. मात्र ओलावा उडवताना मध जास्त तापला तर एचएमएफ (साखरेपासून बनणारं रसायन) वाढतं. युरोपची मर्यादा किलोला 40 मिलिग्रॅम, उष्णकटिबंधातला उगम जाहीर केलेल्या मधाला 80. प्रत्येक लॉटचा एचएमएफ अहवाल या उत्पादकाकडे मिळत नाही, ही मोठी उणीव. अमेरिकेला जाणाऱ्या मालाला 2020 पासून एनएमआर चाचणी (मधातली भेसळ ओळखणारी प्रयोगशाळेतली तपासणी) सक्तीची आहे. तिचा खर्च वेगळा दाखवायला सांगा. पावसाळ्यात पेट्यांना दिलेलं साखरपाणी काढणीच्या पोळ्यांत उरलं, तर माल याच चाचणीत अडकतो.