इनहिबिटर पोलादाला किती घट्ट धरतो? वजनघट, इम्पिडन्स की डीएफटी

इनहिबिटर म्हणजे आम्लात धातू झिजू नये म्हणून घालायचं, पृष्ठभागाला चिकटणारं रसायन. त्याची पकड मोजायची तर, प्रबंधासाठी असो वा पिकलिंगच्या (आम्लाने पोलादावरचा गंज काढण्याच्या) टाकीसाठी, सुरुवात वजनघटीच्या प्रयोगानेच करा: आम्लात धातूचं वजन इनहिबिटरसह आणि त्याविना किती घटतं ते मोजा. माइल्ड स्टीलची कूपन्स (छोटे तुकडे), एमरी पेपर, १ मोलर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड आणि चांगला अ‍ॅनालिटिकल बॅलन्स एवढ्यावर भागतं.

जपायचं ते आकडेमोडीत. वजन जितकं कमी घटलं तितका पृष्ठभाग झाकला गेला, असं आपण धरून चालतो; झाकलेल्या भागाचं हे प्रमाण म्हणजे आच्छादन. मग लँगम्यूरच्या (रेणूंचा एकच थर चिकटतो असं धरणाऱ्या प्रारूपाच्या) आलेखात एका अक्षावर इनहिबिटरची तीव्रता भागिले आच्छादन आणि दुसऱ्यावर पुन्हा तीव्रताच! आच्छादन ०.९ च्या आसपास असेल तर रेषा सरळ येणारच, ०.९९ चा आर-स्क्वेअर (रेषा किती जुळते याचा आकडा) पाहून हुरळू नका. उतार १ च्या जवळ आहे का ते बघा. आच्छादन ०.९० ऐवजी ०.९५ मोजलं गेलं, तर अधिशोषण स्थिरांक, म्हणजे चिकटण्याच्या घट्टपणाचा आकडा, दुपटीहून मोठा होतो. म्हणून निम्मं आच्छादन देणाऱ्या कमी तीव्रता नक्की घ्या.

या स्थिरांकाच्या लॉगॅरिदमवरून निघणारी गिब्ज ऊर्जा ही चूक झाकून टाकते. २५ अंश सेल्सिअसला स्थिरांक १०,००० लिटर प्रति मोल असेल तर ती −३२.८ किलोज्यूल प्रति मोल येते; स्थिरांक दुप्पट झाला तरी फरक २ किलोज्यूलच्या आतच. त्यामुळे ‘−२० म्हणजे भौतिक पकड, −४० म्हणजे रासायनिक’ या ठोकताळ्यावर निष्कर्ष उभारू नये, असं माझं ठाम मत आहे. कडुनिंबाच्या अर्कासारख्या मिश्रणाला तर एकच मोलर वस्तुमान नसतं. तिथे ही ऊर्जा काढूच नका.

पोटेन्शिओस्टॅट (धातूचा विद्युत विभव नियंत्रित करणारं यंत्र) हाताशी असेल तर इम्पिडन्स, म्हणजे बदलत्या विद्युतदाबाला पृष्ठभागाचा विरोध मोजणं, जरूर करा. एकाच नमुन्यावर थर कसा बसतो आणि कधी सुटतो हे तासातासाला दिसतं. स्थिरांक मात्र त्याच गृहीतकावर निघतो, म्हणून तो जास्त खरा ठरत नाही.

डीएफटी म्हणजे रेणूतल्या इलेक्ट्रॉनांची संगणकावरची क्वांटम गणना; तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकट्या रेणूची होमो-लुमो दरी (सर्वांत वरच्या भरलेल्या आणि सर्वांत खालच्या रिकाम्या ऑर्बिटलमधलं ऊर्जेचं अंतर) लॅपटॉपवरही निघते, पण त्यात धातू नाही, पाणी नाही. त्यावरून घट्टपणाचा क्रम लावू नका. लोखंडाच्या पृष्ठभागासकट केलेल्या गणनेला संगणकांचा क्लस्टर लागतो, पण रेणू नायट्रोजन अणूने धरतो की अणूंच्या कड्याने, हे त्यातून कळतं. तेव्हाही आम्लातलं प्रोटॉन घेतलेलं रूप, पृष्ठभागावरचं क्लोराइड आणि हटवावं लागणारं पाणी हिशोबात धरा.

धातू पोलादाऐवजी तांबं आणि इनहिबिटर बेंझोट्रायझोल असेल, तर तिथे तांब्याशी संयुग होऊन पापुद्रा बनतो. अशा वेळी लँगम्यूरऐवजी आधी एक्सपीएसने (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्यं आणि त्यांचे बंध ओळखणाऱ्या तंत्राने) थराची घडण तपासा.