10 इंची बजेट सबवूफर, खान्देशातला उन्हाळा काढल्यावर: आवाज पास, ‘ऑटो’ नापास

पंधरा हजारांच्या आतबाहेरचा सबवूफर (थोडक्यात सब, म्हणजे फक्त खोल बास वाजवणारा वेगळा स्पीकर), 10 इंची, पुढे पोर्ट (डब्याला हवा जायचं भोक), 100 वॅट आरएमएस (सलग देता येणारी खरी ताकद). या वर्णनाची चार-पाच मॉडेल बाजारात आहेत आणि आतून सगळी एकाच घाटणीची, म्हणून कंपनीचं नाव टाकत नाही. आवाजाबद्दल तक्रार नाही. या पैशात याहून जास्त मागणं बरोबर नाही. तक्रार आहे ती पाठीमागच्या बोटभर स्विचबद्दल. एका बाजूला ‘ऑन’, दुसऱ्या बाजूला ‘ऑटो’, म्हणजे आपोआप चालू-बंद. वॅट आणि इंचांवर लोक तासन् तास वाद घालतात, पण जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात सब जगतो की मरतो हे या स्विचवर ठरतं.

आधी आवाजाचं उरकून घेतो. 12 बाय 10 फुटांच्या स्लॅबच्या हॉलमध्ये हा 35 हर्ट्झपर्यंत (आकडा जितका कमी तितका आवाज खोल) दमदार वाजतो, 30 ला थकतो, आणि त्याखाली पोर्टमधून नुसती हवेची फुसफुस येते. पोर्टवाल्या डब्याचं असंच असतं. पोर्ट ज्या फ्रिक्वेन्सीला ट्यून केलाय त्याखाली आवाज ऑक्टेव्हला, म्हणजे फ्रिक्वेन्सी निम्मी होताना, 24 डीबीने (डेसिबल, आवाजाच्या जोराचं माप) कोसळतो आणि कोनला, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला, हवेचा आधार उरत नाही. बंद डब्यात ही घसरण 12 डीबीची असते, पण तेवढ्याच पैशात धक्का कमी मिळतो. सिनेमा जास्त बघत असाल तर पोर्टवाला, भजन-तबला-जुनी गाणी जास्त असतील तर बंद डब्याचा.

घुमण्याचा दोष सबच्या माथी मारण्याआधी खोली मोजा. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर. त्याला खोलीच्या मीटरमधल्या लांबीच्या दुपटीने भागलं की खोली कुठे घुमणार ते कळतं: 12 फुटांना 47 हर्ट्झ, 10 फुटांना 56. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी, त्यामुळे अशा हॉलच्या कोपऱ्यात ठेवलेला कोणताही सब वरातीतल्या डीजेसारखा एकाच सुरात धपधपतो. उपाय फुकटचा आहे. सब उचलून सोफ्यावर, बसायच्या जागी ठेवा, भरपूर बास असलेला एक तुकडा परत परत वाजवा आणि भिंतीच्या कडेने गुडघ्यांवर फिरा. जिथे प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो ती सबची जागा. सोफा मागच्या भिंतीपासून फूटभर पुढे ओढला तरी फरक पडतो. रिसीव्हरमध्ये (सगळे स्पीकर आणि सब ज्याला जोडतात तो ॲम्प्लिफायर) सगळे स्पीकर ‘स्मॉल’, क्रॉसओव्हर 80 हर्ट्झ, म्हणजे त्याखालचा आवाज सबकडे, आणि सबच्या पाठीवरचं क्रॉसओव्हरचं बटण शेवटपर्यंत वर. नाहीतर दोन फिल्टर एकावर एक बसून 80 च्या आसपास खड्डा पडतो. फेज (सब आणि स्पीकर एका तालात हलतात की उलट) 0 ठेवायचा की 180, हे 80 हर्ट्झचा टोन स्पीकर आणि सब दोन्हींवर वाजवून बघा; जिथे मोठं ऐकू येतं ते बरोबर.

आता ऑटो. केबलमधून काही मिलिव्होल्टचा सिग्नल आला की सब जागा होतो, पंधरा-वीस मिनिटं काही आलं नाही की झोपतो. कागदावर छान वाटतं. प्रत्यक्षात रात्री घरातले झोपल्यावर आवाज बारीक ठेवला की संवादांच्या सीनमध्ये हा झोपी जातो आणि पुढच्या धमाक्याला सेकंद-दोन सेकंद उशिराने ‘थप्’ करून उठतो. ज्या धमाक्यासाठी सब घेतला, नेमका तोच हुकतो.

याला निम्मं कारण सेटिंग असतं. सबचा गेन (पाठीवरचं आवाजाचं बटण) घड्याळात दोन-तीन वाजतात त्या जागी ठेवून ऑटो कॅलिब्रेशन (रिसीव्हर माईकने आवाज मोजून स्वतः सेटिंग करतो ते) चालवलं की रिसीव्हरला सब फार मोठा वाटतो आणि तो स्वतःकडची सबची लेव्हल −11 डीबी वगैरे करून टाकतो. मग केबलमधून सिग्नलच बारीक निघतो आणि सबला तो ओळखू येत नाही. गेन नऊ-दहा वाजण्याच्या जागी आणा, पुन्हा कॅलिब्रेशन करा आणि लेव्हल −2 च्या आसपास येईपर्यंत गेन थोडाथोडा हलवा. −11 वरून −2 म्हणजे 9 डीबी, म्हणजे केबलमधलं व्होल्टेज जवळपास पावणेतीन पट. कानाला आवाज तेवढाच, पण सब जागा राहतो. शून्याच्या वर मात्र नेऊ नका, मोठ्या आवाजाला रिसीव्हरच्या आउटपुटवरच सिग्नल फाटायला लागतो. एवढ्यानेही जमलं नाही तर वाय केबल (एकाची दोन टोकं करणारी) लावून डाव्या-उजव्या दोन्ही इनपुटला सिग्नल द्या. ज्या सबमध्ये दोन्हींची आत बेरीज होते तिथे 3 ते 6 डीबी वाढतात.

एवढं केल्यावर ऑटोचा प्रश्न मिटला असं मत झालं होतं आणि हिवाळाभर ते टिकलं. उन्हाळ्याने ते पार बदललं.

मेमध्ये सब बंद पडला. आधी अधूनमधून खरखर, मग आवाज कमी-जास्त, मग फक्त दिवा चालू आणि आवाज शून्य. सर्व्हिस सेंटरचा निकाल ठरलेला: ‘व्होल्टेज फ्लक्चुएशन, वॉरंटीत बसत नाही, पूर्ण बोर्ड बदलावा लागेल.’ बोर्डाची किंमत सबच्या निम्म्याच्या घरात. पण टेबलावर पाठीमागची ॲम्प्लिफायरची प्लेट उघडली तेव्हा फ्यूज शाबूत होता, आउटपुटचे ट्रान्झिस्टर मीटरवर ठीक होते. वाढीव व्होल्टेजने मेला असता तर बहुतेक वेळा यांपैकी काहीतरी गेलेलं दिसतं. बिघाड वेगळ्याच कोपऱ्यात होता. दोन पांढरे सिमेंटचे 5 वॅटी रेझिस्टर बोर्डाला चिकटून बसवलेले, त्यांच्याखाली रुपयाएवढा डाग, मध्यभागी काळपट आणि कडेला चहाच्या रंगाचा; शेजारचा कपॅसिटर डोक्यावर किंचित फुगलेला.

हे दोन रेझिस्टर ॲम्प्लिफायरच्या मोठ्या व्होल्टेजमधून 15 व्होल्टची छोटी सप्लाय तयार करतात. ऑटोचा सेन्सर याच सप्लायवर जगतो, म्हणून सब ‘झोपलेला’ असतानाही हे तापतच राहतात. या किमतीच्या बऱ्याच सबमध्ये झोपणं म्हणजे फक्त आवाज म्यूट होणं. ट्रान्सफॉर्मर, रेझिस्टर, सगळं चोवीस तास चालू. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ढोबळ नियम असा की तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. बाहेर 44-45, बंद हॉलमध्ये दुपारी 40, आणि डब्यात रेझिस्टरच्या शेजारी त्याहून कितीतरी जास्त. थंड गावात जो सब बरीच वर्षं निभावला असता, त्याचा कपॅसिटर इथे लवकर कोरडा पडतो. कंपनी भारतात विकते तर भारतातल्या मेचा विचार करून तो रेझिस्टर बोर्डापासून पाच मिलिमीटर उचलायला हवा होता. त्याला खर्च शून्य आहे, म्हणून राग जास्त येतो.

वॉरंटी नाकारली तर तोंडी ऐकून परत येऊ नका. जॉब शीटवर नकाराचं कारण लिहून घ्या, उघडलेल्या बोर्डाचे फोटो घ्या आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवा. इथे तेवढ्यावर काम झालं, बोर्ड मोफत बदलून आला. त्यापुढे जायची वेळ आलीच तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. नवा बोर्ड मात्र त्याच घाटणीचा आलाय, रेझिस्टर तसाच चिकटलेला. त्यामुळे आता ऑटो वापरातच नाही: स्विच ‘ऑन’वर, आणि सिनेमा संपला की भिंतीवरचं बटण बंद. विजेचा हिशोबही तेच सांगतो. असा ॲम्प्लिफायर काही न वाजवता 10 वॅट खात असेल तर महिन्याला 7.2 युनिट होतात, म्हणजे दहा रुपये युनिट धरलं तर बहात्तर रुपये, नुसते जागं राहायचे.

वॉरंटी संपल्यावर हेच काम गावातला चांगला टीव्ही-ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा करतो, सुट्या भागांना शे-दीडशे रुपये पुरतात. त्याला एवढंच सांगा: दोन्ही रेझिस्टर नवे, बोर्डापासून उचलून, शेजारचे कपॅसिटर 105 अंशांचे, 85 चे नाही, झेनर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा डायोड) तपासून, आणि जड भागांचे सोल्डरचे टाके पुन्हा भरून, कारण बासच्या थरथरीने तेच आधी सुटतात. भाग चिकटवलेला जुना डिंक तपकिरी झाला असेल तर खरवडून काढायचा, तो वीज वाहायला लागतो. मोठ्या ट्रान्सफॉर्मरऐवजी एसएमपीएस (मोबाइल चार्जरसारखी हलकी सप्लाय) असेल तर घरी हात घालू नका, मोठ्या कपॅसिटरवर 325 व्होल्ट डीसी बसलेलं असतं.

उन्हाळ्यात दुसरा त्रास गुणगुणीचा, आणि तो बहुतेक वेळा सबचा नसतोच. काळी माती वाळून भेगाळली की अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. आधी सबमधली केबल काढून बघा. गुणगुण गेली नाही तर सब किंवा त्याची सप्लाय दोषी. गेली, तर केबल परत लावून सेट-टॉप बॉक्सच्या मागची केबलवाल्याची किंवा डिशची वायर काढा; बहुतेक घरांत इथेच शांतता होते. मग टीव्ही, बॉक्स, रिसीव्हर, सब एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या आणि खड्ड्यात चार बादल्या पाणी ओता. मल्टीमीटरवर न्यूट्रल आणि अर्थमध्ये 2-3 व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर वायरमन बोलवा. अर्थची पिन तोडून गुणगुण घालवायचा सल्ला देणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. आणि कूलर त्या बोर्डावर नको. पंप चालू-बंद होताना सबमध्ये ‘टक्’ येतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तर सब लावूच नका, ट्रान्सफॉर्मर घुमतो आणि तापतो.

पत्र्याच्या घरात बास भिंतीत कोंडत नाही, पण पत्रा बोलतो. जिथे हूक सैल तिथे रबरी वायसर टाका. धाब्याच्या घरात जाड मातीच्या भिंतींमुळे आवाज भरीव बसतो. स्वयंपाकघरातली स्टीलची मांडणी सगळीकडेच वाजते: फोनवरून 25 ते 80 हर्ट्झचा स्वीप (चढत जाणारा सूर) हळूहळू फिरवा, ज्या आकड्याला डबा किणकिणतो तिथे थांबा आणि तो डबा शोधा. पोर्टच्या तोंडावर मच्छरदाणीची जाळी लावून घ्या, गरम बोर्डावर पाली आणि झुरळं जाऊन बसतात आणि शॉर्ट करतात.

दुकानात गेलात तर सब पुढून बघू नका, फिरवून पाठ बघा. तीन खुणांचा ऑन-ऑटो-ऑफ स्विच किंवा मेन लाइन तोडणारं वेगळं बटण हवं. एलएफई किंवा लाइन इनपुट (रिसीव्हरच्या सब आउटची केबल लागते ती जागा) हवा; नुसत्या स्पीकर वायरचा, होम थिएटरच्या तयार सेटसोबत येणारा पॅसिव्ह (आत ॲम्प्लिफायर नसलेला) सब रिसीव्हरच्या सब आउटला चालत नाही. पीएमपीओ (जाहिरातीसाठी फुगवलेले वॅट) लिहिलेला आकडा वाचूच नका. आणि 10 इंचीत हे बटण नसेल, 8 इंचीत असेल, तर 120 चौरस फुटांच्या हॉलसाठी बिनधास्त 8 इंची घ्या.