तीन बेल्ट खाल्ले गाडीनं, दोष निघाला भलत्याच पुलीत

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं हे गॅरेज बाहेरनं बघितलं तर कुणी गाडी देणार नाही. पत्र्याची शेड, समोर लिंबाचं झाड, दोन्ही बाजूला टॉवेलचे कारखाने आणि दिवसभर लूमची खटखट, मिस्त्री काय सांगतोय ते पण जवळ जाऊन ऐकावं लागतं. चार स्टार देतोय, पाचवा का कापला ते खाली येईलच.

आधी गाडीचं रडगाणं सांगतो. २०१२ ची डिझेल सेडान, एमएच १३, १,१०,००० किलोमीटर झालेली. मागच्या दिवाळीत अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) गेला, तो एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडं भरून घेतला आणि त्याच टायमाला बेल्ट पण नवा टाकला. बेल्ट म्हणजे इंजिनच्या बाजूला नागमोडी फिरणारा तो लांब पट्टा, सर्पेंटाइन बेल्ट. आपल्याकडं सगळे त्याला फॅन बेल्टच म्हणतात, खरं तर आमच्या गाडीचा फॅन इलेक्ट्रिक मोटरवर चालतो, हा बेल्ट अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि आमच्या गाडीत वॉटर पंप असं सगळं एकटा ओढतो. तर जानेवारीतली गड्ड्याची यात्रा आली तोवर ह्या नव्या बेल्टची एक कड झालरीसारखी सुटायला लागली. घराजवळच्या गॅरेजवाल्यानं दुसरा टाकला, म्हटला माल डुप्लिकेट होता. पाडव्याला दुसरा ओरडायला लागला, सकाळी स्टार्ट केली की चिर्र चिर्र, कॉलनीतले लोक गॅलरीत येऊन बघायचे. मग त्यानं कसलातरी चिकट स्प्रे मारला, आवाज चार दिवस गेला आणि पाचव्या दिवशी दुप्पट होऊन परत आला, वर त्या चिकट्यावर सोलापूरची धूळ बसली ती वेगळीच. एप्रिलमध्ये तिसरा बेल्ट.

तो मे महिन्यात पंढरपूरहून येताना मोहोळच्या पुढं तुटला. दुपारचे दोन, मिसेस आणि सासूबाई गाडीत. आधी बॅटरीचा लाल दिवा लागला, त्याच सेकंदाला स्टिअरिंग दगडासारखं जड झालं, एसीतनं गरम हवा. मला वाटलं जाऊ हळूहळू घरापर्यंत, पण वॉटर पंपच फिरत नाही म्हटल्यावर टेंपरेचरचा काटा दोन-तीन मिनिटांत वर चढायला लागला आणि गुपचूप इंजिन बंद करून बाभळीखाली उभी केली. कुणाच्या गाडीत पंप ह्याच बेल्टवर असेल तर बेल्ट तुटल्यावर ओढत न्यायचा विचार पण करू नका, इंजिन तापून हेड गॅस्केट गेलं तर त्याचा खर्च बेल्टच्या कितीतरी पट आहे. एका पिकअपवाल्यानं टोचन लावून आणली. सासूबाई वाटभर काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

ऑफिसमधल्या एकानं इथला पत्ता दिला. मिस्त्रींना सगळे अण्णा म्हणतात, पोराशी तेलुगूत, फोनवर कन्नडमध्ये आणि आपल्याशी मराठीत. पूर्वी लूमवर जॉबर (लूम दुरुस्त करणारे) होते, नंतर गाड्यांकडं वळले. मी आपलं सुरू केलं की अण्णा, चांगल्या कंपनीचा बेल्ट टाका, पैशाचं बघू नका, तर ते म्हणाले, "बेल्टचं राहू द्या मालक, जुने बेल्ट कुठं हायत?" आता जुने बेल्ट कोण ठेवतं, पण माझ्या आळसामुळं दोन डिकीतच पडले होते. आजपर्यंत एकाही गॅरेजवाल्यानं ते मागितले नव्हते.

पुढची पंधरा मिनिटं गाडीला हात नाही, नुसता बेल्ट वाचणं चाललं होतं. कड एकाच बाजूनं झिजलीय म्हणजे कुठलीतरी पुली लाइनीत नाही. आतल्या रेघा काचेसारख्या चमकतायत म्हणजे बेल्ट घसरतोय, ताण कमी पडतोय. बेल्ट फुगून मऊ पडला असता तर तेल नाहीतर कूलंट गळतंय का ते बघायला लागलं असतं, तसं आमच्यात नव्हतं. मी मोठ्या हुशारीनं म्हटलं की चिरा तर कुठंच नाहीत. त्यावर कळलं की चिरा बघायचे दिवस गेले, आताचे बेल्ट ईपीडीएम रबराचे असतात, ते सहसा तडकत नाहीत, टायरसारखे झिजतात, म्हणून खाच किती खोल राहिलीय ते बघायचं. बेल्टवर छापलेला नंबर पण वाचला, समजा ६पीके१७५० असेल तर सहा रेघा आणि १७५० मिलिमीटर लांबी. आमचा दुसरा बेल्ट लांबीला थोडा जास्त होता, दुकानात होता तो बसवून दिलेला.

मग दुसऱ्या दिवशी जवळच्या दुकानातनं नंबर बघून नवा बेल्ट आणून चढवला, इंजिन चालू केलं आणि बाटलीतलं पाणी थोडंसं बेल्टवर शिंपडलं. आवाज गप्प, आणि थोड्या वेळानं परत चिर्र. पाणी पडल्यावर आवाज जरा वेळ थांबला तर बहुतेक पुल्यांची लाइन चुकलीय, उलट वाढला तर ताणाची भानगड. (हे घरी करणार असाल तर हात, ओढणी, शर्टाची बाही बेल्टपासनं लांब ठेवा, लांबनंच शिंपडा.) बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा हात आयडलला (गाडी उभी, इंजिन मंद चालू) ताप चढल्यागत थडथडत होता, ते मला पण दिसलं. इंजिन बंद करून बेल्ट काढला आणि एकेक पुली हातानं फिरवली. आयडलर, म्हणजे बेल्टला नुसती वाट देणारी पुली, खरखरत होता. अल्टरनेटरच्या पुलीवर आल्यावर मात्र अण्णा थांबले आणि हसले.

आमच्या गाडीत तिथं फ्रीव्हील असलेली पुली असते, सायकलच्या मागच्या चाकासारखी, एकीकडं पकडते आणि दुसरीकडं मोकळी सुटते. माझ्या गाडीत साधी घट्ट पुली बसवलेली होती, दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीची. डिझेल इंजिन आयडलला एकसारखं फिरत नाही, प्रत्येक सिलिंडर पेटला की झटका देतं आणि मधे मंदावतं. अल्टरनेटरचा रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, जड आणि क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) जवळजवळ तिप्पट वेगानं फिरणारा, तो इंजिनबरोबर लगेच मंदावत नाही. फ्रीव्हील असेल तर तो आपला मोकळा पुढं फिरतो, नसेल तर प्रत्येक झटका बेल्टच्या अंगावर आणि तिथनं टेन्शनरच्या स्प्रिंगवर. त्यात ही पुली पट्टी लावून बघितल्यावर दोनेक मिलिमीटर पुढं आलेली. म्हणजे थरथर पण तिचीच, कड झिजणं पण तिचंच, आणि सहा-सात महिने थडथडून टेन्शनर ढिला पडला ते पण तिच्यामुळंच.

आता खरं सांगायचं तर इलेक्ट्रिशियननं दिवाळीत मला विचारलं होतं. ओरिजिनल पुली महाग आहे, साधी बसवू का, आणि मीच म्हटलं होतं बसवा की, फिरल्याशी मतलब. त्यामुळं शिव्या कुणाला द्यायच्या हा प्रश्नच होता. तरी गाडी दोनदा तपासणाऱ्या गॅरेजवाल्याला ती दिसायला पाहिजे होती असं माझं मत आहे. अण्णा म्हणाले, "लूमचा पट्टा सारखा तुटायला लागला तर जॉबर पट्टे बदलत बसत न्हाई मालक, चाकं एका लाइनीत हायत का बघतो."

बिल असं झालं: फ्रीव्हील पुली २,८००, टेन्शनर २,४००, आयडलर ७००, बेल्ट १,१००, मजुरी १,२००, एकूण ८,२०० रुपये. आयडलर आणि टेन्शनर बदलायचा का हे फोन करून विचारलं, जुने पार्ट पिशवीत घालून परत दिले. क्रँक पुलीचं रबर पण बघितलं, ते बरंय म्हणून उगाच बदललं नाही. दिवाळीत साधी पुली बसवून वाचवलेले पैसे तीन बेल्ट, स्प्रे आणि टोचनमध्ये कधीच गेले होते.

आता पाचवा स्टार. पुली सोलापुरात मिळाली नाही, पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं आली आणि त्यात तीन दिवस गेले, ते समजू शकतो. पण त्या तीन दिवसांत फोन उचलायचं नाव नाही, सारखं रिक्षा करून विचारायला जायचं. पक्कं बिल मागितल्यावर पोरगं वही शोधत बसलं. सीट कव्हरवर ग्रीसचा पंजा उमटलाय तो अजून निघत नाही. बसायला एक मोडकी खुर्ची आहे, तिच्यावर बहुतेक वेळा मांजर असतं.

गाडी आता सहा महिन्यांत ९,००० किलोमीटर चाललीय, दोनदा पुण्याला आणि परवा परत पंढरपूरला, ह्या खेपेला पण सासूबाई होत्या. बेल्टचा आवाज नाही. मधे एकदा तपासायला नेली तर अण्णांनी टॉर्च मारून टेन्शनरवरची ताणाची खूण बघितली आणि पैसे घेतले नाहीत. माझे ते दोन जुने बेल्ट शेडमध्ये खिळ्याला अडकवून ठेवलेत, नव्या पोरांना शिकवायला.

जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा, नंतर सूत घेऊन येणारे टेंपो गल्लीत उभे राहतात आणि गाडी वळत नाही. जुना बेल्ट असेल तर बरोबर न्या.