रोमन हॉलिडे की इट हॅपन्ड वन नाइट: आधी कोणता?

जुन्या हॉलिवूडचे प्रेमपट पाहायला सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की दहातले नऊ जण डोळे मिटून ‘रोमन हॉलिडे’ सांगतात. ऑड्री हेपबर्न, ग्रेगरी पेक, व्हेस्पा स्कूटर, विषय संपला. मी त्या नवांतला नाही. पण कारण सांगायला थोडा वेळ लागतो.

दोन्हींचा सांगाडा एकच आहे. मोठ्या घरची मुलगी पळून जाते, पैशांची चणचण असलेल्या एका पत्रकाराच्या हाती लागते आणि त्याला तिच्यात आधी बातमी दिसते. गंमत म्हणजे १९३४चा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ करणारा फ्रँक काप्राच पुढे ‘रोमन हॉलिडे’ही करणार होता. ते जमलं नाही, आणि १९५३चा सिनेमा विल्यम वायलरच्या नावावर गेला.

हेपबर्नबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. अमेरिकन पडद्याला ती तेव्हा जवळपास अनोळखी होती, आणि पेकसारख्या मोठ्या नटाने आपल्या बरोबरीने तिचंही नाव घ्या असा आग्रह धरला होता. पुढे ऑस्कर तिलाच मिळालं. खोटं बोलणाऱ्याचा हात चावणाऱ्या त्या दगडी तोंडासमोरचा प्रसंग बघा. पेकने पंजा बाहीत लपवल्यावर ती जी किंचाळते, तो अभिनय नव्हे. तिला आधी काही सांगितलंच नव्हतं म्हणतात. ते दोन-तीन सेकंद कितीही वेळा पाहिले तरी शिळे होत नाहीत.

मग अडलं कुठे? त्या लायटरपाशी.

कॅफेतल्या टेबलावर राजकन्या झालेली हेपबर्न आयुष्यातली पहिली सिगारेट ओढते. पत्रकार झालेल्या पेकचा छायाचित्रकार मित्र लायटर पुढे करतो, आणि त्या लायटरमध्ये कॅमेरा असतो. ती खुशीत आहे, दोघे एकमेकांना खुणावताहेत, मित्र काही बरळू नये म्हणून टेबलाखालून लाथा चालल्या आहेत. प्रेक्षकांनी इथे हसायचं असतं. पूर्वी मीही हसायचो. हल्ली ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल असतो आणि कोण कधी कुणाचं काय टिपेल याचा नेम नाही, त्यामुळे मला तिथे अवघडायला होतं. तिच्या आयुष्यातला एकुलता एक मोकळा दिवस, आणि तोही संपादकाने कबूल केलेल्या पाच हजार डॉलरसाठी चोरून टिपला जातोय. शेवटी पेक शहाण्यासारखा वागतो हे खरं, आणि त्या शेवटाने भले भले विरघळतात. मीही थोडा विरघळतो. पण मधला तासभर तिला काहीच माहीत नाही आणि आपल्याला सगळं माहीत, ही टोचणी जात नाही.

‘इट हॅपन्ड वन नाइट’मध्ये क्लार्क गेबल काही संत नाही. तो क्लॉडेट कोलबेअरला सरळ धमकावतो: तुझी हकीकत मला दे, मी तुला न्यूयॉर्कला पोचवतो, नाहीतर तुझ्या वडिलांना कळवतो. पण जे काय ते तोंडावर. दोघांच्या खाटांमध्ये दोरीवर घोंगडी टांगलेली आणि सगळा व्यवहार उघडा. म्हणूनच त्यांचं भांडण बरोबरीचं होतं. वडिलांनी पाठवलेले गुप्तहेर खोलीत शिरतात तेव्हा दोघं क्षणात कजाग नवरा-बायको बनतात. तो तिच्या बापाचा, म्हणे प्लंबर असलेल्या बापाचा, उद्धार करतो, ती भोकाड पसरते आणि हेर ओशाळून निघून जातात. दार बंद झाल्यावर दोघं एकमेकांकडे बघून जे हसतात, तिथे प्रेम जमलेलं असतं. त्यांना मात्र ते कळायला अजून बराच प्रवास लागतो. रस्त्यात गाडी थांबवायची अंगठ्याची शास्त्रोक्त पद्धत गेबल गाजर खात शिकवतो आणि एकही गाडी थांबत नाही, तेव्हा कोलबेअर काय करते ते सांगत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. अशा मुलीला रोज एक ठोसा लगावणारा माणूस हवा, असं गेबल शेवटाकडे तिच्या वडिलांना ऐकवतो. तेव्हाही ते विनोदीच असेल, पण आज कानाला खटकतं. काही जणांसाठी एवढं एक वाक्यच निकाल लावायला पुरेसं असेल, आणि त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. मला स्वतःला चोरट्या कॅमेऱ्यापेक्षा तोंडाळ माणूस परवडतो.

कोलबेअरला हे काम करताना फारसा आनंद नव्हता. ऑस्करच्या रात्री ती चक्क गाडी पकडायला निघाली होती, तिला स्टेशनवरून परत आणलं आणि प्रवासाच्या कपड्यांतच तिने बाहुली घेतली. पाचही मोठी ऑस्कर (सिनेमा, दिग्दर्शक, नट, नटी आणि पटकथा) एकाच सिनेमाला मिळण्याची ती पहिली वेळ.

राज कपूर-नर्गिसचा ‘चोरी चोरी’ किंवा ‘दिल है कि मानता नहीं’ पाहिला असेल तर ही गोष्ट तुम्हाला पाठ आहे. तरी हरकत नाही, कारण मजा गोष्टीत कमी आणि बसमधल्या बोलाचालीत जास्त आहे.

रोम बघायचं असेल, किंवा घरातल्या मोठ्यांसोबत बसणार असाल, तर ‘रोमन हॉलिडे’ लावा. पस्तावणार नाही. दोघंच असाल तर मी १९३४चा लावेन, सबटायटल्स सुरू ठेवून. गेबल फार भरभर बोलतो.