फ्लाइट प्लॅनिंग शिकताना: आधी चकती की आधी अ‍ॅप?

इंदुरात सीपीएलची (व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याची) तयारी करणारी मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. ई-सिक्स-बीची (वैमानिकांच्या हाती चालवायच्या गणकाची) चकती फिरवत बसायचं, की सरळ टॅबलेटवरचं अ‍ॅप शिकायचं? माझं म्हणणं असं की एकच उत्तर शोधू नका. दिशा-वेळेच्या हिशेबाला जे लागू पडतं, ते परफॉर्मन्सला (विमानाला उडायला-उतरायला किती अंतर लागतं त्या हिशेबाला) पडत नाही.

आधी नेव्हिगेशन घेऊ. इंदूर–भोपाळ सुमारे 91 नॉटिकल मैल, ट्रू ट्रॅक (खऱ्या उत्तरेपासून मोजलेली वाटेची दिशा) साधारण 068. ट्रू एअरस्पीड (हवेच्या मानाने वेग) 105 नॉट आणि वारा 270 अंशांवरून 20 नॉट धरा. चकतीवर वाऱ्याचा ठिपका देऊन सरकपट्टी बसवली की हेडिंग (विमानाचं नाक ठेवायची दिशा) 064 येतं, ग्राउंडस्पीड (जमिनीच्या मानाने वेग) 123, म्हणजे 44 मिनिटं. परतीला ग्राउंडस्पीड 86 वर येतो आणि 63 मिनिटं लागतात. जाताना जे कमावलं ते येताना गेलं, फिटंफाट, असं वाटतं ना? वारा नसता तर दोन्ही मिळून 104 मिनिटं झाली असती, इथे 107 झाली. विरुद्ध वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो, म्हणून. दिवसाच्या व्हीएफआर (बाहेर नजरेने बघत केलेल्या) उड्डाणाला 30 मिनिटांचं राखीव इंधन हा आयसीएओचा (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा) किमान दंडक आहे. ते याच्यावर वेगळं.

हेच आकडे अ‍ॅप क्षणात देतं, बरोबर देतं. वाटेत डायव्हर्ट व्हायची (दुसऱ्या विमानतळाकडे वळायची) वेळ आली तर ते चकतीपेक्षा कितीतरी सरस. त्यामुळे चकती हात बसेपर्यंत घोटा, एअर नेव्हिगेशनच्या पेपरात 70 टक्के काढायचेत तेवढ्यापुरती, आणि मग बेलाशक अ‍ॅपवर या.

परफॉर्मन्सच्या बाबतीत मात्र मी उलट सांगेन: विमानाच्या पुस्तकातले तक्ते हातानेच वाचा. इंदूरचा विमानतळ पठारावर, सुमारे 1,850 फुटांवर. मे महिन्यातली दुपार घ्या: क्यूएनएच (समुद्रसपाटीला आणलेला हवेचा दाब) 1003 हेक्टोपास्कल, तापमान 40. स्टँडर्ड 1013 पेक्षा दाब 10 ने कमी, हेक्टोपास्कलमागे 30 फूट धरले की प्रेशर अल्टिट्यूड (दाबाच्या हिशेबाने उंची) 2,150. त्या उंचीला स्टँडर्ड तापमान जेमतेम 11, म्हणजे 29 अंश जास्त. अंशामागे 120 फुटांनी डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या घनतेच्या हिशेबाने उंची) साडेपाच हजारांच्या वर जातं. विमान उभं आहे इंदुरातल्या गांधीनगरच्या बाजूच्या धावपट्टीवर, आणि इंजिन-पंख्याला हवा मिळतेय साडेपाच हजार फुटांवरची.

आता सेसना 172 चं पीओएच (विमानासोबतचं वैमानिकाचं माहितीपुस्तक) उघडा. टेकऑफच्या तक्त्यात उंचीच्या ओळी हजार-हजार फुटांच्या, म्हणून 2,000 आणि 3,000 च्या मधला आकडा पट्टी-पेन्सिल घेऊन काढावा लागतो. तापमानाचा शेवटचा रकाना 40 चा. पारा 42 वर गेला तर पुस्तक गप्प! हे गप्प बसणं तुम्हाला दिसायला हवं. तिथे अंदाजाने रेष पुढे ओढायची नसते, सकाळी लवकर उडायचं असतं. अ‍ॅपने आतल्या आत काय केलं, हे नवख्याला कळत नाही.

तळटीपाही तशाच. समोरून 9 नॉट वाऱ्यामागे अंतर 10 टक्के घटवायचं, पण मागून वारा असेल तर दर 2 नॉटला तेवढंच वाढवायचं. कोरड्या गवतावर ग्राउंड रोलच्या 15 टक्के आणखी. अ‍ॅपमध्ये हे एका बटणामागे असतं आणि बटण दाबायचं राहतं.

इंदूरची धावपट्टी 2,750 मीटर, तिथे चूक झाली तरी पचते, म्हणून मुलं हा भाग उरकून टाकतात. धारसारख्या छोट्या पट्टीवर उतरायचं ठरलं की मग पुस्तकाची आठवण होते. (लँडिंगचा तक्ता पाहून उतरतात, टेकऑफचा बघतच नाहीत. परत निघायचं कसं?)

वजन आणि सीजीचं (गुरुत्वमध्याचं) फार लांबवत नाही. चार-पाच लोड शीट हाताने भरा, ग्राफवर बिंदू मांडा, नंतर स्प्रेडशीट चालेल.

पीओएच नेटवरून उतरवलेलं वापरू नका. 172-आर 160 हॉर्सपॉवरचं, 172-एस 180 चं; नाव एक, तक्ते वेगळे. इन्स्ट्रक्टर सरांकडे ज्या विमानावर उडणार आहात त्याचंच पुस्तक आणि त्याचाच वेइंग रिपोर्ट मागा.